भाव वेगळा, पट्टी वेगळी : ऑनलाइन दलालामार्फत नवी गाडी

नागपुरातल्या कळमन्याच्या फळबाजारात एका अडतीच्या दुकानात मी एकवीस वर्षं हिशेब लिहिते आहे. दलाल या शब्दाची मला ना भीती, ना नवलाई. आमच्या घरची चूलच दलालीवर पेटते. संत्र्याच्या ढेरीवर बोली लागते, भाव फुटतो आणि सगळ्यांचे कान त्या भावाकडे असतात. माझं काम त्यानंतर सुरू होतं. हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती, आधीची उचल किती, हे सगळं कापून शेवटी हातात काय पडलं, तो कागद म्हणजे पट्टी. भाव चांगला लागूनही पट्टी बघून उतरलेली तोंडं मी रोज पाहते. तरी स्वतःची गाडी घेताना पहिले पंधरा दिवस मी भावाकडेच बघत बसले होते, हे आधीच कबूल करते.

जुनी गाडी चौदा वर्षांची झाली होती. मुलगी ठाण्याला. ५ जून २०२५ ला समृद्धी शेवटपर्यंत सुरू झाला, ७०१ किलोमीटर सरळ रस्ता, आणि ह्यांना उत्साह आला की आता रेल्वेच्या वेटिंग लिस्टचं लफडं नको, गाडीनंच जाऊ. जुन्या गाडीनं पहिल्याच फेरीत वाशीमच्या अलीकडे काटा लालवर नेला. तिथं उन्हात उभं राहून ठरलं की नवी घ्यायची.

२२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. त्या आठवड्यात शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सेल्समन पोट्टे चहासुद्धा विचारत नव्हते, डिस्काउंट तर दूरच. आमच्या बाजारातही असंच असतं. ज्या दिवशी गिऱ्हाईक जास्त, त्या दिवशी घासाघीस करणाऱ्याला कोणी उभं करत नाही. मी म्हटलं, दसरा जाऊ दे, दिवाळी जाऊ दे, डिसेंबरात बघू. वर्ष संपत आलं की शोरूमवाल्यांना २०२५ ची गाडी २०२५ मध्येच खपवायची घाई असते, कारण १ जानेवारीला तीच गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी होते.

ऑनलाइन दलालाचं डोक्यात घातलं माझ्या मावसभावानं. तो टेक्सासला असतो. तो म्हणाला, "ताई, शोरूमला जायचंच कशाला? मी सहा डीलरना ईमेल टाकला, दारातून बाहेर पडताना एकूण किती तेवढं सांगा म्हटलं, आणि सर्वात कमीवाल्याकडून घेतली." तिकडे गाडीच्या काचेवर कंपनीची किंमत चिकटवायचा कायदा १९५८ पासून आहे, डीलर त्या किमतीच्या खाली किंवा वर विकायला मोकळा असतो, आणि ट्रूकारसारख्या साइट तुमच्या भागात लोकांनी तीच गाडी कितीला घेतली ते दाखवतात. ऐकायला छान वाटलं. आपल्याकडे एक्स-शोरूम किंमत, म्हणजे आरटीओ-विमा धरण्याआधीची, कंपनी ठरवते, नागपुरातल्या दोन्ही शोरूमला तीच. फरक पडतो तो कंपनीच्या स्कीममध्ये आणि डीलर आपल्या मार्जिनमधून किती सोडतो त्यात. हे मला तेव्हा माहीत होतं, पण एक्स-शोरूमच्या खालच्या ओळींचं काय, हे मी विचारलंच नाही.

आता पहिला अनुभव. एका फुकटच्या साइटवर "तुमच्या शहरातली बेस्ट प्राइस मिळवा" असं बटण होतं. गाडी निवडली, नंदनवनचा पिनकोड टाकला, मोबाईल नंबर टाकला, ओटीपी टाकला. किंमत काही दिसली नाही. "आमचे प्रतिनिधी संपर्क करतील" एवढंच. तारीख होती ११, म्हणजे जीएसटीआर-१, विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि पोर्टल नेहमीप्रमाणे रेंगाळून राहिलं होतं. दुपारी एकपासून फोन सुरू झाले. दोन दिवसांत एकोणीस फोन आले, मी वहीच्या मागच्या पानावर खुणा करत गेले. त्यातले सात एकाच शोरूमच्या वेगवेगळ्या पोरापोरींचे, दोन जुनी गाडी विकत घेणाऱ्यांचे, चार कर्जवाल्यांचे, आणि एक तर दुसऱ्याच कंपनीच्या शोरूममधून, "मॅडम, ती कशाला घेता, आमची बघा." डीएनडीला, म्हणजे नको असलेले फोन थांबवायच्या सोयीला, तक्रार करून उपयोग नाही, कारण फॉर्मच्या तळाशी जी टिक आपण न वाचता करतो, तीच तुमची संमती असते.

शेवटी दुकानातल्या हमालांपैकी एकाला फोन देऊन म्हटलं, "उचल आणि सांग, बाई गावाला गेल्या." त्यानं तीन फोन उचलले. चौथ्याला त्यानं स्वतःसाठी छोट्या टेम्पोचा ईएमआय विचारून घेतला.

त्या साइटनं कोणाचीही किंमत मला दाखवली नाही. तिनं माझा नंबर विकला, बस. ती दलाल नाही, ती दवंडी पिटणारी. तुम्ही कोणी असं बटण दाबणार असाल तर घरातलं एखादं जुनं सिम टाका, आपला रोजचा नंबर नको.

दुसरा अनुभव खऱ्या दलालाचा. बाहेरच्या शहरातली छोटी कंपनी, व्हॉट्सॅपवर काम करतात, फी २,४९९ रुपये आगाऊ. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि माझ्याकडे एकाच व्यवहाराचा अनुभव आहे. त्यांचं म्हणणं असं की आम्ही तुमच्या वतीनं शहरातल्या सगळ्या डीलरकडून भाव मागवतो, तुमचा नंबर कोणाला देत नाही, आणि तुम्हाला लेखी कोटेशन देतो. त्यांनी माझ्याशी बोलायला दिलेला मुलगा मराठी होता, सांगलीकडचा असावा, "ताई" म्हणून नीट बोलायचा. आणि त्यानं शब्द पाळला. माझा नंबर खरंच कोणाला गेला नाही. पैसे भरल्यापासून चौथ्या दिवशी पीडीएफ आली.

त्याआधी मी घराजवळच्या शोरूममधून साधं कोटेशन घेतलं होतं. ते माझ्या पट्टीच्या वहीत लिहिलेलं आहे. एक्स-शोरूम ८,६२,०००. आरटीओ १,०६,५००. विमा ४९,८००. ॲक्सेसरीज किट १८,५००. वाढीव वॉरंटी १४,२००. फास्टॅग ६००. हँडलिंग ७,५००. वजा डिस्काउंट २५,०००. एकूण १०,३४,१००.

दलालाच्या पीडीएफमध्ये पहिल्याच पानावर हिरव्या चौकटीत मोठ्या अक्षरात डिस्काउंट ४१,०००. म्हणजे घराजवळच्यापेक्षा १६,००० जास्त. हे म्हणाले, "फी सहापट वसूल झाली बघ." मी लगेच मुलीला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

दुसरं पान रात्री भाकरी झाल्यावर वाचलं. तिथं विमा ५४,६०० होता. ॲक्सेसरीज, ज्याला त्यांनी "आवश्यक किट" म्हटलं होतं, २१,०००. हँडलिंग हा शब्द कुठंच नव्हता, पण "डॉक्युमेंटेशन" नावाची ९,९०० ची ओळ होती. आरटीओ तेच १,०६,५००, वॉरंटी आणि फास्टॅग तेच. बेरीज केली, ४१,००० वजा केले : १०,२७,८००. त्यात दलालाची फी मिळवली : १०,३०,२९९.

१६,००० च्या ऐवजी माझी बचत ३,८०१ रुपये.

मी हसले. कारण हे मी रोज करते. म्हणजे मी नाही, आमच्या बाजारात होतं. एखादा नवा अडत्या गिऱ्हाईक ओढायला भाव चढा लावतो आणि मग तोलाईत, हमालीत, "कडता" म्हणून किलो-दोन किलो कापून तेवढंच परत घेतो. शेतकरी घरी जाऊन सांगतो, मला सगळ्यांपेक्षा जास्त भाव मिळाला. २०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा बाजारात केवढा गोंधळ झाला होता. गोंधळ नुसत्या टक्क्यांचा नव्हताच. अडत्याला पैसे कोण देतो, म्हणजे तो कोणाचा माणूस, याचा होता.

म्हणून मी त्या सांगलीच्या मुलाला सरळ विचारलं, "बाळा, मी तुम्हाला २,४९९ दिले. शोरूम तुम्हाला काय देतं?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "ताई, विम्यावर आणि कर्जावर आम्हाला थोडा इन्सेन्टिव्ह असतो." खोटं बोलला नाही, याबद्दल त्याला गुण. पण विमा ५४,६०० का होता ते मला कळलं.

विम्याचं नीट सांगते, कारण सगळ्यात मोठं भोक तिथं आहे आणि बहुतेक लोक तिकडे बघतच नाहीत. नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्याचा दर १०,६४०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,५५५. हा आकडा सरकारनं ठरवलेला आहे, तो कोणत्याही कंपनीत, कोणत्याही शोरूममध्ये बदलत नाही. उरतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, झिरो डेप (म्हणजे घसारा न कापता भरपाई) आणि बाकी जोड. घासाघीस फक्त तिथं. मी दोन विमा कंपन्यांच्या साइटवर स्वतः कोटेशन काढलं. पहिल्यांदा फारच स्वस्त दिसलं, तर मी सावध झाले. बघते तो गाडीची विम्यातली किंमत, आयडीव्ही, त्यांनी ७,६०,००० धरलेली. शोरूमच्या कागदावर ती ८,१८,९०० होती, म्हणजे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के. मी तेवढीच केली, तेच झिरो डेप, तेच इंजिन प्रोटेक्ट, मालक-चालकाचा अपघात विमासुद्धा. तरी आकडा आला ३४,१५०.

दलालाच्या कागदापेक्षा २०,४५० कमी. ज्या १६,००० च्या जादा डिस्काउंटसाठी मी फी भरली, त्यापेक्षा जास्त पैसे मी खुर्चीवर बसून, कोणाशी एक शब्द न बोलता वाचवले.

तरी मी दलालाची गाडी बघायला गेले. फी भरली होती ना. ते शोरूम शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि त्यांचं यार्ड आउटर रिंग रोडच्या बाजूला. सोबत आमच्या गल्लीतले मिस्त्री घेतले. सकाळी साडेआठची वेळ, डिसेंबरची थंडी, मिस्त्रींच्या डोक्याला मफलर. यार्डात पन्नासेक गाड्या ओळीनं उभ्या, सगळ्यांवर एकसारखी भुरकट धूळ. सेल्समननं चेसिस नंबर जुळवून आमची गाडी दाखवली, पांढरी. पण ती सुरू होईना. बॅटरी उतरलेली. तो दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर लावायला पळाला.

मिस्त्री तोवर चाकाजवळ उकिडवे बसले. टायरच्या भिंतीवर अंगठ्यानं धूळ पुसली आणि मला म्हणाले, "ताई, हे वाचा." एका लंबगोल चौकटीत चार आकडे : २१२५. म्हणजे टायर २०२५ च्या एकविसाव्या आठवड्यात, मे महिन्यात तयार झालेला. "टायर मेचा, तर गाडी जूनची असन. सहा महिने उभी आहे इथं. काऊन स्वस्त देऊन राहिला ते समजलं का?" पुढच्या काचेच्या रबरवर पावसाळ्याची शेवाळाची बारीक रेघ होती. बॉनेटवर पक्ष्याची एक जुनी खूण, तिच्याखाली रंगावर फिकट डाग. मी फॉर्म २२ मागितला, त्यावर तयार झाल्याचा महिना असतो. आधी "तो डिलिव्हरीच्या वेळी मिळतो" असं झालं. मग मी म्हटलं, तर मी बुकिंग डिलिव्हरीच्या वेळीच करते. आला कागद. जून २०२५.

डीलरला प्रत्येक उभ्या गाडीवर व्याज भरावं लागतं, म्हणून जुना माल तो डिस्काउंट वाढवून काढतो. यात फसवणूक नाही, व्यवहार आहे. उतरलेली संत्री शेवटी कमी भावानं जातातच. फक्त ती उतरलेली आहेत, हे सांगायचं असतं. दलालाच्या पीडीएफमध्ये चेसिस नंबर होता, महिना नव्हता. मी त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ताई, कॅलेंडर इयर २०२५ आहे ना?" तेव्हा मात्र मला राग आला. आणि त्यातच त्याचं "आज संध्याकाळपर्यंत बुकिंग केलं तरच ऑफर" सुरू झालं. डिसेंबरात, सहा महिने धूळ खात पडलेल्या गाडीला, कोणत्या गिऱ्हाइकांची रांग लागली होती देव जाणे.

मी दलालाचा तो कोटेशनचा कागद घेऊन घराजवळच्या शोरूमला गेले. आणि इथं दलालाचे पैसे वसूल झाले, त्याला स्वतःला वाटलं होतं त्या पद्धतीनं नाही.

सेल्समन पोरगा कागद बघून म्हणाला, "मॅडम, हे ऑनलाइनवाले गाडी नाही देत, लिंक देत राहतात." मी म्हटलं, "चेसिस नंबर आहे त्याच्यावर, मी गाडीवर हात लावून आली." तो आत गेला आणि टीम लीडरला घेऊन आला. टीम लीडरनं चहा सांगितला. चहा आला म्हणजे बोली सुरू झाली, एवढं कळमन्यात शिकले आहे.

दोन तास बसले. डिस्काउंटवर मी फार जीव टाकला नाही. एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. हँडलिंग कसलं? गाडी यार्डातून शोरूमला आणायचा खर्च, म्हणे. ती हमाली तुमची, मी गाडी शोरूममधून घेऊन राहिली, यार्डातून नाही. ती ओळ पाच मिनिटांत उडाली, इतक्या लवकर की आणखी एखादी ओळ मागायला हवी होती असं वाटलं. मग आरटीओ. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स, ८,६२,००० वर ९४,८२०. त्यावर २ टक्के रस्ता सुरक्षा सेस, १,८९६. नोंदणी ६००, स्मार्ट कार्ड २००, बँकेचा बोजा चढवायचे १,५००. बेरीज ९९,०१६. तुमचे १,०६,५०० कसे? "मॅडम, तिथं एजंट असतो, खर्च असतो." शोरूममधून नोंदणी आता ऑनलाइन होते, नवी खासगी गाडी आरटीओत दाखवायलासुद्धा न्यावी लागत नाही, मग एजंट कोणत्या खिडकीवर उभा असतो? शेवटी ठरलं की मी १,००,००० जमा करते, पावतीप्रमाणे हिशेब, उरलेले परत.

विम्यावर मात्र खरी लढाई झाली. "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस नाही मिळणार." मी तिथूनच विमा कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि ह्याच शोरूमचं वर्कशॉप त्यांच्या यादीत आहे का विचारलं. आहे म्हणाले. मग, "बाहेरचा घेतला तर डिस्काउंट १०,००० कमी." इथं दलालाचा कागद टेबलावर सरकवला. ४१,००० चा. टीम लीडरनं चेसिस नंबरावरून जून महिना ओळखला, लगेच म्हणाला, "ती जुनी गाडी आहे ताई, आम्ही ऑक्टोबरची देऊ." मी म्हटलं, तेच तर, ऑक्टोबरची द्या, म्हणून ४१ नको, ३८ द्या, विमा माझा. तो उठून मॅनेजरकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. हे उठणं-बसणं नाटक असतं हे मला माहीत आहे, आमचे मालकही दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन उगाच पाणी पिऊन येतात. ३८,००० झाले.

वाढीव वॉरंटी घेतली नाही, ती मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही घेता येते, थोडी महाग पडेल तर पडो. किटमधले पायपुसणे आणि मडफ्लॅप तेवढे घेतले, ३,४००. हे तोंड वाकडं करून म्हणाले, क्रोम पट्ट्या छान दिसल्या असत्या. मी म्हटलं, त्या पैशात ठाण्याला जाऊन येऊ.

शेवटची पट्टी अशी : ८,६२,००० अधिक आरटीओ ९९,०१६ अधिक विमा ३४,१५० अधिक ॲक्सेसरीज ३,४०० अधिक फास्टॅग ६००, वजा ३८,०००. म्हणजे ९,६१,१६६. दलालाची फी धरली तर ९,६३,६६५. पहिल्या कोटेशनपेक्षा ७०,४३५ कमी. पण मी हिशेबनीस आहे, हे सगळं "वाचवलं" असं लिहिणार नाही. त्यातले २९,३०० म्हणजे मी न घेतलेल्या वस्तू, वॉरंटी आणि किटमधला बाकीचा माल. ती बचत नाही, ती न केलेली खरेदी. खरी बचत विम्यात १५,६५०, हँडलिंग ७,५००, आरटीओ ७,४८४, आणि डिस्काउंटमध्ये १३,०००. दलालामुळे फार तर या शेवटच्या १३,००० चं श्रेय, आणि तेसुद्धा त्याच्या कागदाला. त्याच्या गाडीला नाही.

विमा बाहेरून घेणाऱ्यांसाठी एक अडचण सांगून ठेवते. पॉलिसी काढायला इंजिन आणि चेसिस नंबर लागतो, तो शोरूमच देतं, आणि विमा त्यांचा नसेल तर तो नंबर द्यायला त्यांना फार वेळ लागतो. मला दोन दिवस लागले. "सिस्टिम डाऊन", "साहेब मीटिंगमध्ये". तिसऱ्या दिवशी मी स्टील डबा घेऊन तिथं जेवायलाच बसले, रिसेप्शनसमोर. वांग्याच्या भाजीचा वास सुटला, दहा मिनिटांत नंबर आला.

यार्डात ही गाडीही मिस्त्रींनी तपासली. टायरवर ३८२५, सप्टेंबर. रंगाची जाडी बघायचं यंत्र त्यांच्याकडे नाही, ते बोटाच्या मागच्या बाजूनं पत्रा टकटक करून ऐकतात. चारही दारं, बॉनेट, डिकी. डिकीत पाणी ओतून बघितलं. मीटरवर १४ किलोमीटर. त्यांचे ५०० रुपये वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, कारण ते त्यांनी घेतले नाहीत, तर्री पोहे खाल्ले.

आता गुण. फुकटच्या साइटला शून्य, आणि वाया गेलेल्या वेळेचे पैसे परत मागता आले असते तर तेही मागितले असते. फीवाल्या दलालाला पाचपैकी अडीच. लेखी कागद मिळतो, नंबर सांभाळतात, मुलगा खोटं बोलला नाही. अडीच कापले ते जून महिना लपवल्याबद्दल, "आज संध्याकाळपर्यंत"बद्दल आणि फी परत मागितल्यावर आलेल्या उत्तराबद्दल. त्यांच्या साइटवर "सर्वात कमी किमतीची हमी" आहे. मी त्याच शहरात, त्याच मॉडेलची, चार महिने ताजी गाडी त्यांच्यापेक्षा ६६,६३४ रुपयांनी कमी एकूण किमतीत घेतली, कागद पाठवले. उत्तर आलं की हमी फक्त डिस्काउंटच्या ओळीला लागू आहे, आणि त्या ओळीत आमचे ४१,००० तुमच्या ३८,००० पेक्षा जास्त आहेत. खरं आहे. भाव त्यांचाच जास्त होता.

ज्यांना घासाघीस अंगावर काटा आणते, जे शोरूममध्ये दोन तास बसू शकत नाहीत, त्यांनी फी भरावी, पण विमा आणि कर्ज दलालाकडून घेऊ नये आणि बुकिंगआधी फॉर्म २२ चा महिना मागावा. छत्तीसगडहून किंवा मध्य प्रदेशातून स्वस्त आणून देतो म्हणणारे दलालही भेटतील, मलाही एकाचा फोन आला होता. तिथं डिस्काउंट मिळेल, पण टॅक्स शेवटी महाराष्ट्रातच भरायचा आणि तात्पुरत्या नंबरवर आणायची भानगड वेगळी. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमनं आगाऊ कापून घेतलेला आयकर, लागतो, तो रिटर्न भरताना परत मिळतो, तेवढा खर्चात धरू नका.

डिलिव्हरी घेऊन सरळ टेकडी गणपतीला गेलो. चाकाखाली लिंबू ठेवले, हे गाडी पुढे घेताना इतके घाबरले की दोन लिंबं तशीच राहिली, तिसऱ्यांदा जाऊन चेंगरली. नंबर एमएच ४९ मिळाला, साधाच, चॉइस नंबरचे पैसे मी देणार नव्हतेच.

आरटीओची पावती महिन्याभरानं आली, ९९,०१६ ची, रुपयाला रुपया. म्हणजे शोरूमकडून माझे ९८४ रुपये यायचे आहेत. "अकाउंट्सला टाकलं आहे" असं सांगतात. मी दर सोमवारी सकाळी अकरा वाजता, बाजाराची बोली संपली की, फोन करते. टीम लीडर आता माझा आवाज ओळखतो.